एजन्सीमार्फत कंत्राटी काम घेण्यापूर्वी: मार्जिन, करदर्जा आणि कागदपत्रांची तयारी

एजन्सीमार्फत काम घेणाऱ्या स्वतंत्र व्यावसायिकाने सही करण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे लेखी मिळवावीत: ग्राहक आपल्या कामासाठी नेमके किती मोजतो, आणि करखात्याच्या नजरेत आपण स्वतंत्र कंत्राटदार ठरतो की कोणाचे तरी नोकर. हे दोन प्रश्न बहुधा वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांना विचारले जातात. दराचे बोलणे कामाच्या सुरुवातीला एजन्सीच्या प्रतिनिधीशी होते आणि कराचे बोलणे वर्ष संपताना कर सल्लागाराशी. हिशोब मात्र दोन्हींचा एकच आहे. ग्राहकाने दिलेली रक्कम आणि आपल्या खात्यात जमा झालेली रक्कम यांच्यामधल्या अंतरात एजन्सीचे उत्पन्न, मालकाच्या वाट्याच्या वर्गण्या (सामाजिक सुरक्षेसाठी मालकाने भरायच्या रकमा) आणि कापलेला कर हे सगळे मिसळलेले असते, आणि त्यातले कोणाचे किती हे आपला दर्जा निश्चित झाल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून पुढील तयारी दर आणि दर्जा यांचा एकत्र विचार करून मांडली आहे.

सर्वप्रथम ‘दर’ हा शब्द कोणत्या रकमेसाठी वापरला जात आहे, हे स्पष्ट करून घ्यावे. एजन्सीच्या बोलण्यात तो किमान तीन रकमांसाठी येतो: ग्राहकाला लावलेला दर, आपल्याला देऊ केलेला दर, आणि एजन्सीच्या पगारपत्रकावर गेल्यास मालकाच्या वर्गण्या वजा होऊन उरणारा दर. या तिन्ही रकमा एका कागदावर एकाखाली एक लिहाव्यात आणि प्रत्येकीपुढे ती सेवेवरील अप्रत्यक्ष कर धरून आहे की वगळून, तासाची आहे की दिवसाची, आणि दिवसाची असल्यास दिवस किती तासांचा, हे नोंदवावे. दहा तास बसवून आठ तासांच्या दिवसाचा दर देणारे करार मी पाहिले आहेत. त्यांत फसवणूक सिद्ध करता येत नाही, कारण दिवस किती तासांचा हे कुठेच लिहिलेले नसते.

त्यानंतर टक्केवारी कशावर आहे ते विचारावे. ग्राहक दिवसाला १००० मोजतो आणि आपल्याला ८०० मिळतात, तेव्हा मधले २०० हे ग्राहकाच्या दराचे २० टक्के होतात आणि आपल्या दराचे २५ टक्के. पहिल्या आकड्याला मार्जिन म्हणतात, दुसऱ्याला मार्कअप. करारात नुसते ‘२५ टक्के’ लिहिलेले असेल, तर मार्कअप धरून हजारातले ८०० आपले होतात आणि मार्जिन धरून ७५०. दिवसाला पन्नासाचा हा फरक वर्षभराच्या कामात लहान राहत नाही. टक्केवारीऐवजी ‘ग्राहकदर इतका, देय दर इतका’ अशा दोन रकमाच करारात लिहून मागाव्यात, हे मला सर्वांत सुरक्षित वाटते. एजन्सी ग्राहकदर उघड करायला नकार देऊ शकते, आणि पुष्कळ ठिकाणी तसा तिला अधिकारही असतो. मग निदान मार्जिनची कमाल मर्यादा तरी लेखी मागावी.

मध्ये किती एजन्सी आहेत, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा. माझ्याच एका कामात एजन्सीने १५ टक्के मार्जिन सांगितले होते आणि मला ते रास्त वाटले होते. सात महिन्यांनी ग्राहकाच्या लेखा विभागाकडून चुकून खरेदी आदेशाची प्रत माझ्या नावे आली. त्यावरचा दर १००० धरला, तर माझ्या इनव्हॉइसवरचा दर ७२२.५० भरत होता. त्या प्रतीवर पुरवठादार म्हणून जिचे नाव होते, ती एजन्सी मला ठाऊकच नव्हती. तिने आपले १५ टक्के ठेवून ८५० पुढे दिले होते, आणि माझ्या एजन्सीने त्या ८५० वर पुन्हा १५ टक्के ठेवले होते. दोघींनीही खोटे सांगितले नव्हते. मी मात्र एकीलाच विचारले होते. तेव्हापासून मी प्रत्येक कामाआधी साखळीचा कागद काढतो: वर अंतिम ग्राहक, खाली मी, आणि मध्ये जितके दुवे असतील तितकी नावे, प्रत्येकापुढे कोण कोणाला इनव्हॉइस देतो आणि किती दिवसांत पैसे देतो याची नोंद. एखाद्या दुव्याचे नाव सांगायला कोणी तयार नसेल, तर ती जागा रिकामी ठेवून त्यावर खूण करावी. पुढे कर कोणी कापायचा आणि भरायचा हा प्रश्न उपस्थित होतो, तेव्हा बहुतेक वेळा त्या रिकाम्या जागेपाशीच घोटाळा सापडतो.

मार्जिन कमी म्हणजे व्यवहार चांगला, असे मात्र समजू नये. एजन्सी काम शोधते, ग्राहकाच्या पुरवठादार यादीत स्वतःची नोंदणी टिकवते आणि पुष्कळदा उधारीचा भार उचलते. ग्राहक ६० दिवसांनी पैसे देतो आणि एजन्सी आपल्याला ७ दिवसांत देते, तेव्हा उरलेले ५३ दिवस तिचे भांडवल आपल्या कामात गुंतलेले असते. याउलट ‘ग्राहकाकडून रक्कम मिळाल्यावर देय होईल’ असे कलम करारात असेल, तर तो भार आपण उचलतो, आणि मग मोठ्या मार्जिनचे एक महत्त्वाचे समर्थनच गळून पडते. हे कलम शोधून त्याखाली रेघ ओढावी. काम शोधून देण्याचा मोबदला आणि महिन्याचे हिशोब चालवण्याचा मोबदला हेही मनाशी वेगळे ठेवावेत. पहिला एकदाच कमावलेला असतो, म्हणून मुदतवाढीच्या वेळी मार्जिन कमी करण्याची मागणी रास्त ठरते. नोंदणी शुल्क, अनिवार्य प्रशिक्षण किंवा ‘फाइल तयार करण्याचा खर्च’ अशा नावाने एजन्सी आपल्याकडूनच पैसे मागत असेल, तर तेथेच थांबावे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात, काही अपवाद सोडल्यास, खासगी रोजगार संस्थांनी कामगारांकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कोणतेही शुल्क घेऊ नये असे तत्त्व नमूद आहे. प्रत्येक देशाने तो करार स्वीकारलेला नाही, पण मागणी योग्य की अयोग्य हे ठरवण्यासाठी ते माप उपयोगी पडते.

आता दर्जाकडे वळावे, कारण मार्जिनचा खरा अर्थ तेथेच उलगडतो. ग्राहक १००० देतो आणि एजन्सी १२० ठेवते असे धरू. आपण स्वतंत्र कंत्राटदार असू, तर ८८० आपल्याकडे येतात आणि त्यातून कर, विमा, निवृत्तीची तरतूद हे सगळे आपल्यालाच करावे लागते. तेच काम एजन्सीच्या पगारपत्रकावरून केले आणि मालकाच्या वर्गण्या पगाराच्या १० टक्के असल्या, तर ८८० मधून ८० वर्गणीला जातात आणि पगार म्हणून ८०० दिसतात; नोकराच्या वाट्याची वर्गणी आणि कर त्यानंतर पुन्हा कापले जातात. येथे ग्राहकदर आणि पगार यांतील २०० चे अंतर पाहून एजन्सीने २० टक्के खाल्ले असे म्हणणे चूक ठरेल. उलट, आपल्याला कंत्राटदार म्हणून घेऊन एजन्सी पगारदार माणसाच्याच हिशोबाने ८०० देत असेल, तर जी वर्गणी ती कोठेच भरत नाही ती तिने खिशात घातली आहे, हे ओळखावे. अमेरिकेत हा फरक आकड्यांतच दिसतो: सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) मिळून नोकराच्या पगारातून ७.६५ टक्के कापले जातात आणि तेवढेच मालक भरतो, तर स्वयंरोजगारी माणसाला दोन्ही वाटे मिळून १५.३ टक्के स्वतः भरावे लागतात. त्यामुळे दोन प्रस्तावांची तुलना करताना आधी दोन्ही एका दर्जावर आणावेत आणि मगच दर पाहावेत.

दर्जा करारातल्या शीर्षकाने ठरत नाही. ‘हा स्वतंत्र कंत्राटदाराचा करार आहे’ हे वाक्य जवळपास प्रत्येक नमुन्यात असते आणि न्यायालये ते वाचून पुढे जातात; पाहिले जाते ते प्रत्यक्ष काम कसे चालते. ब्रिटनमध्ये १९६८ च्या रेडी मिक्स्ड काँक्रीट खटल्यापासून तीन कसोट्या रूढ आहेत: माणूस मोबदल्यासाठी स्वतःच्या अंगाने काम करण्यास बांधलेला आहे का, काम कसे करायचे यावर दुसऱ्याचे नियंत्रण आहे का, आणि कराराच्या इतर अटी नोकरीशी जुळणाऱ्या आहेत का. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये धरंगध्रा केमिकल वर्क्सच्या निकालात मिठागरातील अगरियांना कामगार ठरवले. त्यांना मिठाच्या वजनावर मोबदला मिळत होता आणि मदतीला माणसे घेण्याची मोकळीक होती, तरी ते स्वतः राबत होते आणि कामाच्या पद्धतीवर कंपनीची देखरेख होती. करारात ‘बदली माणूस पाठवता येईल’ असे एक वाक्य घातले की आपण सुरक्षित झालो, असे सांगणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल लक्षात ठेवावा. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या कायद्याने तर ओझे उलटे केले: तेथे काम करणारा नोकर आहे असे धरूनच सुरुवात होते, आणि तो नियंत्रणमुक्त आहे, काम देणाऱ्याच्या नेहमीच्या व्यवसायाबाहेरचे काम करतो आणि त्याचा स्वतःचा प्रस्थापित व्यवसाय आहे, या तिन्ही गोष्टी काम देणाऱ्याला सिद्ध कराव्या लागतात. हेही लक्षात असावे की कामगार कायद्यातला दर्जा आणि कर कायद्यातला दर्जा एकच असतो असे नाही. एकाच माणसाला एका कायद्याखाली सुट्टीचा हक्क मिळू शकतो आणि दुसऱ्याखाली तो स्वयंरोजगारी राहू शकतो.

एजन्सीच्या साखळीत आणखी एक गाठ असते: दर्जा ठरवायचा कोणी, आणि तो चुकला तर कर भरायचा कोणी. ब्रिटनमधला आयआर३५ हा स्वतःच्या कंपनीमार्फत काम करणाऱ्यांच्या करदर्जाचा नियम त्याचे स्पष्ट उदाहरण आहे. एप्रिल २००० मध्ये तो आला, तेव्हा स्वतःच्या कंपनीमार्फत काम करणाऱ्या माणसानेच आपला दर्जा ठरवायचा होता. २०१७ पासून सरकारी क्षेत्रात आणि एप्रिल २०२१ पासून मध्यम व मोठ्या खासगी ग्राहकांच्या बाबतीत ही जबाबदारी ग्राहकावर गेली. ग्राहकाने निर्णय कारणांसह लेखी द्यायचा असतो, आणि त्यावर हरकत घेतल्यास ४५ दिवसांत उत्तर द्यायचे असते. करकपात मात्र साखळीत कंत्राटदाराच्या कंपनीला प्रत्यक्ष पैसे देणाऱ्याने, म्हणजे बहुधा एजन्सीने, करायची असते. निर्णय ‘नोकरीसमान’ असा आला, तर नोकरासारखा कर कापला जातो, पण नोकराचे हक्क त्यामुळे आपोआप मिळत नाहीत. अशा स्थितीत जुनाच दर मान्य करणे म्हणजे स्वतःहून मोठी पगारकपात स्वीकारणे होय; तेथे दराचे बोलणे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे. आपण कोणत्याही देशात असलो, तरी तयारीच्या कागदावर हे तीन प्रश्न असलेच पाहिजेत: दर्जा कोण ठरवणार, त्याची कारणे लेखी मिळणार का, आणि उद्या करखात्याने वेगळे ठरवले तर थकबाकी व दंड कोणाच्या माथी बसणार. करारातले नुकसानभरपाईचे कलम बहुतेक वेळा ते सगळे गुपचूप आपल्या माथी टाकते. ते मान्य करू नये, किंवा निदान रकमेची मर्यादा घालून घ्यावी.

पुराव्याची फाइल कामाच्या पहिल्या दिवशी उघडावी. तपासणी दोन-तीन वर्षांनी होते आणि तोवर ग्राहकाकडची माणसे बदललेली असतात. या फाइलमध्ये इतर ग्राहकांना दिलेली इनव्हॉइस, स्वतःच्या उपकरणांच्या व सॉफ्टवेअर परवान्यांच्या पावत्या, व्यावसायिक विम्याचे पत्र, चुकलेले काम स्वखर्चाने दुरुस्त केल्याचा पत्रव्यवहार आणि कामाची व्याप्ती व निष्पत्ती सांगणारे पत्र ठेवावे. याच्या विरुद्ध जाणाऱ्या बारीकसारीक गोष्टींवरही लक्ष असावे, कारण दर्जा बहुधा त्यांतूनच ढासळतो. माझ्या परिचयातील एका कंत्राटदाराचा करार अगदी चोख होता, पण ग्राहकाने दिलेल्या ईमेलखाली त्याचे पदनाम ‘उपव्यवस्थापक’ असे छापून येत असे, संघटनेच्या तक्त्यात त्याच्या हाताखाली तीन माणसे दाखवलेली होती आणि एका दिवसाच्या रजेसाठीही तो ग्राहकाच्या पोर्टलवर अर्ज भरत असे. ‘रजा मंजूर’ असा शेरा असलेला पोर्टलचा तो एक स्क्रीन त्या चौदा पानी करारापेक्षा अधिक बोलका होता. रजा मागू नये. ‘अमुक दिवशी मी उपलब्ध नाही’ असे कळवावे. टाइमशीट भरणे टाळता येत नसेल, तर तिच्यात येण्या-जाण्याच्या वेळांऐवजी केलेल्या कामाचा टप्पा लिहावा. हे नुसते शब्दांचे सोंग म्हणून करून भागणार नाही. प्रत्यक्षात रोज वरिष्ठाच्या आदेशावर काम चालत असेल, तर आपण नोकर आहोत हे मान्य करून नोकराचे हक्क मागणे अधिक प्रामाणिक आणि बहुतेकदा अधिक फायद्याचे असते.

कर कापून पैसे आले म्हणजे कर मिटला असे नसते. ही नोंद भारतातून काम करणाऱ्यांनी विशेष काळजीने करावी. १९६१ च्या आयकर कायद्यात पगारावरची कपात कलम १९२ खाली होत असे, व्यावसायिक शुल्कावर कलम १९४ जे खाली १० टक्के, तांत्रिक सेवांवर २ टक्के, तर व्यक्तीला दिलेल्या कंत्राटी कामाच्या रकमेवर कलम १९४ सी खाली १ टक्का. १ एप्रिल २०२६ पासूनच्या २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात या कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा जुने नमुने जसेच्या तसे वापरू नयेत. कोणत्या कलमाखाली कपात होणार, हे एजन्सीला सहीआधी विचारावे, आणि कापलेली रक्कम आपल्या पॅनवर खरोखर जमा झाली का, हे आयकर खात्याकडील आपल्या करकपातीच्या विवरणात (जुन्या कायद्यात नमुना २६ एएस) दर तिमाहीला पाहावे. मोठी देयता उरणार असेल, तर आगाऊ कराच्या १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखा कॅलेंडरवर चढवाव्यात. ठरावीक व्यवसायांना लागू असलेली (जुन्या कायद्यात कलम ४४ एडीएची) अनुमानित उत्पन्नाची, म्हणजे खर्चाचा तपशील न देता जमेच्या ठरावीक हिश्शावर कर भरण्याची, सोय निवडली, तर सगळा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत भरता येतो. वस्तू व सेवा कराबाबत एकच गोष्ट आवर्जून तपासावी: ठरलेला दर कर धरून आहे का. १८ टक्के धरून १०० ठरले असतील, तर आपले उत्पन्न ८४.७५ आहे.

करारातल्या उरलेल्या कलमांपैकी मी चारच शोधतो. समाप्तीची नोटीस दोन्ही बाजूंना सारखी आहे का. ग्राहकाकडे थेट काम घेण्यावरची बंदी किती महिन्यांची आणि केवळ त्याच ग्राहकापुरती आहे का. ग्राहकाने काम नाकारल्यास आधीच्या मंजूर टाइमशीटचे पैसे सुरक्षित राहतात का. आणि एजन्सी आपल्या वतीने इनव्हॉइस काढणार असेल, तर त्याची प्रत आपल्याला केव्हा मिळणार.

स्वतःच्या किमान दराचा हिशोब या सगळ्यानंतर करावा, आधी नव्हे. वर्षाचे ३६५ दिवस. शनिवार-रविवार वजा केल्यास २६१. सणांचे १०, विश्रांतीचे २० आणि आजारपणाचे १० काढले की २२१ उरतात. दोन कामांमधल्या रिकाम्या काळासाठी महिनाभराचे कामाचे दिवस सोडले, तर बिल लावता येतील असे साधारण २०० दिवस हाती येतात. नोकरीत २६१ दिवसांचा पगार दिवसाला १००० प्रमाणे मिळत असेल आणि वर मालकाकडून २० टक्क्यांच्या सोयी मिळत असतील, तर वर्षाचे एकूण मूल्य ३,१३,२०० होते. ते २०० ने भागले की दिवसाचा दर १५६६ येतो. त्यात विमा, हिशोबनीस आणि उपकरणांचा खर्च अजून धरलेला नाही. नोकरीच्या दैनिक पगारापेक्षा २० टक्के जास्त दिले म्हणून उदार वाटणारा प्रस्ताव या कागदाशेजारी ठेवून पाहावा. हा दर एजन्सीच्या मार्जिननंतरचा असल्याने ग्राहकदराकडे जाताना तो (१ − मार्जिन) ने भागावा. १५ टक्के मार्जिन असेल, तर १५६६ साठी ग्राहकाला सुमारे १८४२ मोजावे लागतील. एवढी रक्कम ग्राहक देणार नाही असे दिसले, तर दर्जा, मार्जिन किंवा कामाची मुदत यांपैकी काय बदलायचे, हे निदान मोघमात न राहता ठरवता येते.

सहीच्या दिवशी साखळीचा कागद, तीन दरांचा कागद, दर्जाविषयीचा लेखी निर्णय आणि किमान दराचा हिशोब हे चारही करारासोबत एकाच फोल्डरमध्ये तारीख घालून ठेवावेत. मुदत संपण्याच्या सहा आठवडे आधीची आठवण कॅलेंडरवर लावावी, कारण मुदतवाढीचा ईमेल बहुधा शेवटच्या शुक्रवारी येतो आणि ‘अटी पूर्वीप्रमाणेच’ या दोन शब्दांत मार्जिन, दर्जा आणि वाढलेला कामाचा पसारा हे सगळे आणखी वर्षभरासाठी मान्य झालेले असते.